जातं मुकं का झालं? जुने चित्रपट ‘नव्याने’ काढणाऱ्या कंपनीला खुले पत्र

मा. व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

मी नागपूरचा. सीताबर्डीवरच्या एका टॉकीजमधे २८ वर्षं ऑपरेटर होतो, म्हणजे केबिनमधे मशीन चालवायचो. टॉकीज बंद पडली आणि मीही घरी बसलो. तुमच्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, चित्रपटाचंही नाही. पाकीट तुम्हीच छापलंय, तुम्हाला कळेलच. दुसऱ्या कुणाला हे पत्र आपल्यालाच आहे असं वाटलं, तर त्यांनीही खुशाल वाचावं.

झालं असं, की आईला ८८ वं लागलं म्हणून भाच्याने तुमची ब्लू-रे डिस्क मागवली. १९५० च्या दशकातला कृष्णधवल मराठी चित्रपट. लग्न होऊन नागपुरात आल्यावर आईने टॉकीजमधे पाहिलेला पहिला चित्रपट हाच. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘मूळ निगेटिव्हवरून फोर-के रीमास्टर’, त्याखाली ‘५.१ डिजिटल ध्वनी’. सातशे रुपये. मे महिन्यातली दुपार, आणि आईला नीट ऐकू यावं म्हणून आम्ही कूलर बंद केला. मे महिन्यात नागपुरात भर दुपारी कूलर बंद करणारं घर किती भाविक असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

सुरुवातीच्या अर्ध्या तासातच पहाटेचा एक प्रसंग आहे. घर झोपलेलं, सून एकटी जात्यावर बसलीय आणि ओवी म्हणतेय. आई खुर्चीत पुढे सरकून बसली. ओवी सुरू झाली, खुंटा फिरायला लागला आणि आई म्हणाली, “काऊन रे, रिकामंच जातं फिरवून राहिली का हे?”

मी आवाज वाढवला. ओवी मोठी झाली, जातं मुकंच. पडद्यावर दगडावर दगड फिरतोय, पीठ पडतंय, आणि आवाज काय तो फक्त गळ्याचा, तोही रेडिओ स्टेशनच्या बंद खोलीतून आल्यासारखा. काय झालं असेल हे मला दोन मिनिटांत कळलं, पण आईला समजवायला अर्धा तास गेला. जुन्या फिल्मवर आवाज चित्राच्या बाजूलाच एका बारीक पट्टीत छापलेला असतो. पट्टीतून दिव्याचा उजेड जातो आणि त्या उजेडाच्या कमीजास्त होण्याचाच आवाज होतो. पट्टीवर धूळ बसली की चरचर, ओरखडा पडला की टकटक, आणि पार्श्वभूमीला कायमचा एक ‘हिस्स’. तो काढायला तुमच्या माणसाने संगणकाला सांगितलं, की एका सुरात सतत चालू असेल ते सगळं उडव. आता जात्याची घरघर एका सुरात सतत चालूच असते हो! संगणकाला ती पंख्याची नाहीतर मोटरची वाटली असणार. त्याने बिचाऱ्याने कधी दळण पाहिलंय?

मग मी हट्टालाच पेटलो आणि सगळा चित्रपट पुन्हा पाहिला, ह्या खेपेला कान आणि डोळे उघडे ठेवून. दोन वाक्यांच्या मधे आवाज पार मरतो. माणूस बोलायचं थांबला की खोलीसुद्धा थांबते. कुत्रं नाही, झाड नाही, हवा नाही. पुन्हा बोलायला लागला की त्याच्याबरोबर तो ‘हिस्स’ शब्दापुरता उगवतो आणि शब्दाबरोबर मावळतो. यापेक्षा तो सलग राहिला असता तर पाचव्या मिनिटाला कान त्याला विसरले असते. ‘स’ आणि ‘श’ तर झिजून गेलेत. आधीच त्या काळच्या ध्वनिपट्टीवर वरच्या पट्टीतलं फार काही मावत नसे. होतं तेवढंही घासून काढल्यावर ‘सासूबाई’ म्हणजे पाण्याखालून मारलेली हाक वाटते. ५.१ बद्दल काय बोलू. पडद्यामागे मधोमध एक कर्णा, एवढ्यावर हा चित्रपट चालला. तुम्ही तोच एक आवाज पाच ठिकाणी वाटला, मागच्या दोन स्पीकरांना थोडा उशिरा दिला, त्यामुळे सासरा ओसरीवर बोलतो आणि विहिरीतून कुणीतरी त्याला वेडावतं. मूळ एकमार्गी आवाज वेगळा निवडता येईल म्हणून रिमोटवर शोधला. नाही.

आवाज हा काही चित्राच्या मागे धरलेला पदर नव्हे. १९३६ च्या ‘संत तुकाराम’चे एक दिग्दर्शक विष्णुपंत दामले प्रभात फिल्म कंपनीत ध्वनीचं खातं सांभाळत, आणि तो चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. आपल्याकडे ध्वनी जाणणारी माणसं पहिल्यापासून होती, एवढंच सांगायचंय.

आता चित्राकडे येतो. तिसऱ्या रिळात, म्हणजे तुमच्या हिशोबाने साधारण पंचविसाव्या मिनिटाला, अंगणात दोन बायका सुपाने धान्य पाखडतात. मागून ऊन येतंय, सूप वर गेलं की कोंडा उडतो आणि त्या उन्हात नुसता चमकत राहतो. आमच्या टॉकीजला मॅटिनीत हा चित्रपट पुन्हा लागायचा तेव्हा केबिनच्या खिडकीतून मी हा प्रसंग दर खेळाला पाहायचो. तुमच्या डिस्कवर सूप वर जातं, खाली येतं, आणि कोंडा मधेच दिसतो, मधेच गुप्त होतो. एका चौकटीत दिसून पुढच्या चौकटीत नसलेला पांढरा ठिपका म्हणजे धूळ, तो पुसायचा, असं संगणकाला शिकवलेलं असतं. धुळीच्या बाबतीत ते खरंही आहे. उडणारा कोंडाही तसाच असतो, पावसाचा थेंबही, आणि चुलीतून उडालेली ठिणगीही. म्हणून हे काम संगणकाने केल्यावर शेजारी माणूस बसवतात, जो बघून म्हणेल, की थांब, हा कोंडा आहे. तो माणूस तुम्ही बसवला नाही, किंवा बसवला आणि त्याने सूप कधी पाहिलेलं नाही.

चेहऱ्यांचं तर मेण झालंय. फिल्मवर चित्र चांदीच्या बारीक कणांनीच बनतं; ते कण सतत थोडे सळसळत असतात आणि त्यांच्यातच सुरकुती, घाम, कपड्याचा पोत सगळं असतं. टीव्हीवर गुळगुळीत बघायची सवय झालेल्याला ती सळसळ ‘खराब प्रिंट’ वाटते. तुम्ही ती पुसलीत, आणि सासूचं काम करणाऱ्या बाईंचं वय एकदम तीस वर्षांनी उतरलं. सासू सुनेच्या वयाची दिसायला लागली, तर भांडण कशावरून चाललंय तेच कळेना. मग पुसून मऊ झालेलं चित्र टोकदार दिसावं म्हणून कडा गडद केल्यात, त्यामुळे प्रत्येक माणसाभोवती पांढरी किनार आलीय. गावच्या पाटलालाही संतांसारखं तेजोवलय. ह्यावर मात्र आई मनापासून हसली.

एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. चित्रपटाच्या शेवटाकडे सून घर सोडते. उंबऱ्यात वाकते, पायातली जोडवी काढते आणि उंबऱ्यावर ठेवून निघून जाते. एक शब्द नाही, संगीत नाही. जोडवी चौकटीच्या अगदी तळाला आहेत. तुमच्या डिस्कवर ती वाकते, सरळ होते आणि जाते. काय ठेवलं, काही ठेवलं का, दिसतच नाही. पुढच्या प्रसंगात सासरा मुठीत काहीतरी घट्ट धरून रडतो तेव्हा भाच्याने विचारलं, “मामा, त्यांच्या हातात काय आहे?”

त्या काळच्या चित्राची चौकट रुंदीला १.३७ तर उंचीला १, जवळजवळ चौकोनी. तुमच्या-आमच्या टीव्हीची १६ ला ९. टीव्ही काठोकाठ भरायचा तर वरून-खालून मिळून जवळजवळ पाव चित्र कापावं लागतं, आणि तुम्ही ते कापलंत. वरून पागोटी गेली, खालून पाय गेले. आमच्या धंद्याची एक खूणही गेली: रीळ संपायच्या आधी वरच्या उजव्या कोपऱ्यात एक टिकली चमकते. पहिल्या टिकलीला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरी आली की बदली करायची. अजूनही जुना चित्रपट बघताना माझा हात त्या टिकलीला आपोआप उचलला जातो. तुमच्या डिस्कवर तो मांडीवर पडून राहिला.

बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर गिऱ्हाईक तक्रार करतं, हे मला माहीत आहे. टॉकीजच्या पडद्यालाही चारी बाजूंनी काळं कापड असायचं, त्याची तक्रार कुणी केल्याचं आठवत नाही. अर्थात आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नव्हतो. रुंद पडद्याचे चित्रपट आल्यावर मॅटिनीच्या जुन्या चित्रपटासाठी मशीनची प्लेट आणि लेन्स बदलायचा कंटाळा करून लोकांची डोकी मीसुद्धा कापलीत. एकदा पुढच्या रांगेतून आवाज आला, “ऑपरेटर भाऊ, मुंडकं दाखव ना बे!” तुमच्या डिस्कला असं ओरडून सांगायची सोय नाही, म्हणून हे पत्र.

इथपर्यंत असतं तर मी म्हटलं असतं, हाताळणी चुकली, हौस जास्त झाली. पण पुढचं मला खटकलं ते वेगळ्या कारणाने.

तुमच्या डिस्कच्या अगदी सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र आहे. तेही वरून-खालून कापलेलं, पण मधला मजकूर वाचता येतो: १४ रिळं, लांबी १२,६०० फूट. फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चालते आणि एका फुटात १६ चौकटी असतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट. हा हिशोब मी झोपेतही करतो, कारण चुकला तर पडदा पांढरा आणि पब्लिक शिट्ट्या मारायला मोकळं. १२,६०० फूट म्हणजे बरोबर २ तास २० मिनिटं. तुमची डिस्क २ तास १४ मिनिटांत संपते.

पहिल्यांदा वाटलं, सहा मिनिटं कुठेतरी कापलीत. पण मला आठवतो तो एकही प्रसंग कमी नव्हता. मग ताईला बोलावलं. ताई चाळीस वर्षं मुलांना पेटी शिकवते आणि या चित्रपटातल्या गाण्याची जुनी तबकडी आमच्याकडे आहे. तबकडीवर गाणं पांढरी पाचमधे आहे. डिस्क लावून ताईने पेटीवर हात ठेवला. पांढरी पाच लागेना. काळी चार धरली, तर तीही लागेना, गाणं तिच्या किंचित खाली. ताई म्हणाली, “हे दोघींच्या मधे लटकून राहिलंय. असं कोणी गाते का?” तबकडीचा वेग थोडा इकडेतिकडे होऊ शकतो, चित्रपटातलं गाणं आणि तबकडीवरचं वेगळंही असू शकतं, हे आम्हालाही कळतं. पण हिशोब जुळला. आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं. २४ ची फिल्म २५ ने पळवली की चित्रपट ४ टक्के लवकर संपतो, आणि आवाज साधारण पाऊण पट्टी वर चढतो. १४० मिनिटांचे १३४ होतात. पांढरी पाचची गायिका काळी चारच्या दारात जाऊन उभी राहते.

निगेटिव्ह नव्याने स्कॅन केली असती तर असं होण्याचं काही कारण नव्हतं. ब्लू-रेवर २४ चा वेग सरळ ठेवता येतो. तरी खात्री करायची म्हणून भाच्याला डिस्क एकेक चौकट पुढे न्यायला सांगितली. अंगणातल्या प्रसंगात एके ठिकाणी पांढरी आडवी रेघ लकाकून गेली. आडवी! फिल्म मशीनमधून वरून खाली जाते, त्यामुळे मशीनने पाडलेला ओरखडा उभा असतो. अशी क्षणभर लकाकणारी आडवी रेघ टेपची असते, चुंबकीय थर उडालेल्या जागेची. म्हणजे पूर्वी कधीतरी टीव्हीवर दाखवण्यासाठी केलेली टेप तुम्ही कपाटातून काढलीत. तिच्यात चित्राच्या रेघा ५७६. फोर-केच्या २१६०. मधल्या रेघा संगणकाने मनाने भरल्या, आणि पाकिटावर ‘मूळ निगेटिव्हवरून’ छापलं गेलं.

निगेटिव्ह मिळत नाही, ही अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल माझ्याइतकी कळवळ कुणाला असेल असं वाटत नाही. १९५० च्या आसपासपर्यंतची फिल्म नायट्रेटची, भडकली की विझत नाही. त्यानंतरची ॲसिटेटची, ती तशी भडकत नाही पण उष्णतेने आणि दमटपणाने आतून आंबते. डबा उघडला की नाकात व्हिनेगर. आमच्या केबिनबाहेरच्या खोलीत उन्हाळाभर पडून राहिलेल्या पेट्यांमधे तो वास मी घेतलाय. फिल्म आकसून वाकडी होते आणि मशीनच्या दातांवर बसत नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, पी. के. नायर यांनी रानोमाळ हिंडून रिळं जमवली, तोवर कितीतरी चित्रपट फिल्ममधली चांदी काढून घेण्यापायी नष्ट झाले होते. जमवलेल्यातलंही काही राहिलं नाही: जानेवारी २००३ च्या आगीत पुण्यातली नायट्रेटची रिळं जळाली, प्रभातचीसुद्धा.

पण जळकं कसं हाताळतात याचंही उदाहरण आहे. १९९३ साली लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत सत्यजित राय यांच्या चित्रपटांच्या निगेटिव्ह होरपळल्या. त्या टाकून न देता जपून ठेवल्या. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबने ती कडक झालेली, चिकटलेली फिल्म ओलावा देऊन मऊ केली, कडेची भोकं हाताने दुरुस्त केली. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के भाग त्या होरपळलेल्या निगेटिव्हमधूनच परत मिळाला, उरलेला दुसऱ्या प्रतींवरून घेतला, आणि तसं जाहीर सांगितलं. २०१५ मधे आलेली ती प्रत मी भाच्याच्या घरी पाहिली. फिल्मचे कण जागच्या जागी आहेत. त्यातली म्हातारी आत्या, इंदिर ठाकरुण, म्हातारीच आहे.

तेवढा पैसा तुमच्याकडे नाही, मान्य. मी तो मागतही नाही. तुमच्याकडे टेपच आहे ना, मग टेपच द्या, पण पाकिटावर ‘टेपवरून’ असं छापा. मी सातशे रुपये तरीही दिले असते, आईसाठी. २५ चा वेग २४ वर आणायला निगेटिव्ह लागत नाही, बोलोन्याही लागत नाही. एका दुपारचं काम आहे आणि गाणं आपल्या पट्टीत परत येतं. टेपवर चित्र पूर्ण असेल तर ते पूर्ण दाखवा, बाजूला काळं राहू द्या. एकमार्गी आवाज आहे तसा, हिस्स आणि घरघरीसकट, निदान दुसरा पर्याय म्हणून ठेवा. आणि धूळ काढायचीच असेल तर काढा, त्याला माझी ना नाही, मी स्वतः रोज मखमलीच्या फडक्याने काढायचो. फक्त शेजारी एखादी अशी बाई बसवा जिने आयुष्यात एकदा तरी सूप हातात धरलंय. तिला रोजाने बोलावलंत तरी चालेल.

आता एक कबुली. मॅटिनीला प्रिंट यायची ती आधीच दहा गावं हिंडून आलेली. तुटली की दोन्ही टोकं कापून, खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडायची. प्रत्येक जोडात दोन-चार चौकटी जात. त्या केराच्या डब्यात टाकायच्या असत. मी नेहमीच टाकल्या असं नाही. या चित्रपटाचे तीन तुकडे माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात आहेत. जरा पिवळे पडलेत, वास नाही. त्या दुपारी ते काढून खिडकीत उन्हाला धरले. पहिल्यावर पाटील आहे, पागोट्यासकट. दुसऱ्यावर जातं आहे. बाजूला ध्वनिपट्टीची दातेरी रेघ आहे, ती त्या चौकटींच्या पुढे वीस चौकटींनी येणाऱ्या चित्राची, कारण मशीनमधे आवाजाचा दिवा चित्राच्या दाराच्या खाली असतो. जात्याची घरघर अशी दिसते. तिसऱ्या तुकड्यात चार चौकटी आहेत, सूप वर गेलेलं. आईने भिंग लावून कोंडा मोजायला सुरुवात केली आणि चाळीसनंतर सोडून दिलं.

ताडून बघायचे असतील तर तिन्ही तुकडे तुमच्या पत्त्यावर पाठवायला तयार आहे. स्पीड पोस्टने पाठवीन, खर्च माझा. परत मात्र पाठवा, आणि उन्हात ठेवू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सीताबर्डीचा एक निवृत्त ऑपरेटर
नागपूर